कापलेल्या तीन वायरी

मोटारगाडीच्या काचेवरचा वायपर फिरवणाऱ्या मोटरीतून पाच वायरी बाहेर येतात. शिगमो, म्हणजे आमच्या गोव्यातला शिमगा, जवळ आला की माझे धाकटे काका डिचोलीच्या भंगारवाल्याकडून अशा दोन-तीन मोटरी घेऊन येत, मांडाशेजारच्या, म्हणजे गावाच्या शिगम्याच्या जागेशेजारच्या, शेडमध्ये १२ व्होल्टच्या बॅटरीला एकेक वायर टेकवून बघत, आणि ज्या दोन वायरींवर मोटर सावकाश पण जोर धरून फिरे तेवढ्या ठेवून उरलेल्या तीन पक्कडीने कापायला मला सांगत. "त्या गाडीच्या कामाच्या गं, आपल्याला नकोत," एवढेच त्यांचे स्पष्टीकरण असे. मी त्या वेळी आठवीत होते. कापलेल्या टोकांवर काळी चिकटपट्टी गुंडाळण्याचे कामही माझेच होते आणि ते मी फार मन लावून करत असे.

त्या वर्षी आमच्या मंडळाने चित्ररथासाठी जटायू आणि रावण यांचे युद्ध घेतले होते. बांबूच्या कामट्या आणि कापड यांचे दोन पंख, प्रत्येक माणसाच्या दुप्पट उंचीचा. मोटरीच्या दांड्यावर एक लोखंडी पट्टी, पट्टीच्या टोकाला एक लांब सळी, आणि सळीचे दुसरे टोक पंखाच्या मुळाशी. मोटर एक फेरा पूर्ण करी तेव्हा पंख एकदा वर जाऊन खाली येई. रस्त्यात खांबाखांबांमधून वायरी लोंबत असतात, म्हणून तशी जागा आली की पंख खालीच थांबायला हवे होते. बटण होते रावणाच्या रथाच्या पोटात बसलेल्या माझ्या चुलतभावाच्या हातात, आणि त्याला आतून काहीच दिसत नसे; बाहेरून कोणीतरी शिटी वाजवायची आणि त्याने बटण बंद करायचे. डिचोलीच्या मिरवणुकीत एका खांबाजवळ शिटी वाजायला अर्धा क्षण उशीर झाला, डावा पंख वरच थांबला, केबलच्या वायरीत अडकला आणि रथ पुढे सरकताच कडाडून मोडला. बघणाऱ्यांना वाटले की रावणाने तोडलेला पंखच मंडळाने दाखवला आहे; टाळ्या पडल्या. काका मात्र त्या रात्री घरी येईपर्यंत कोणाशी बोलले नाहीत.

रोबोटिक्स हा विषय मी पुढे सरकारी विद्यापीठात रीतसर शिकले. त्या मोडलेल्या पंखात विषयाचा मुख्य प्रश्न आधीच मांडलेला होता, हे कळायला मात्र मला अनेक वर्षे लागली. यंत्राला हलवणे तुलनेने सोपे आहे. आपण या क्षणी कुठे आहोत हे त्या यंत्राला कळावे, यासाठी सारा खटाटोप करावा लागतो.

आमचे गाव नार्वे. शिकायला जाताना सकाळी नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीबोटीने दिवाडीला जायचे, बेट ओलांडून पलीकडच्या धक्क्यावर दुसरी फेरीबोट धरायची, जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीजवळ उतरायचे आणि तिथून बस. बारावीनंतर सरकारी जागा मिळाली नसती तर अभियांत्रिकीचे शिक्षण आमच्या घराला परवडले नसते, हे मी कृतज्ञतेने नोंदवून ठेवते. आमच्या आधीच्या पिढ्यांना ही वाटही सहज नव्हती. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्यांना पदवी मुंबई विद्यापीठाची मिळत असे. वर्गात गोव्याच्या सत्तरी तालुक्यापासून दक्षिणेच्या काणकोणपर्यंतची मुले होती. अनेकांची प्राथमिक शाळा माझ्यासारखी मराठी माध्यमाची होती, आणि पाठ्यपुस्तके इंग्रजी झाली तरी मनातल्या मनात होणारा गुणाकार पाढ्यांच्या चालीवरच होत राहिला. आजही एखाद्या सांध्याचा कोन अदमासे काढताना माझ्या तोंडी दीडकी आणि अडीचकीच येते.

पहिल्या तासाला प्राध्यापकांनी 'रोबोट' या शब्दाचा उगम सांगितला. हा शब्द रंगभूमीवरून आलेला आहे. चेक लेखक कारेल चापेक यांनी १९२० मध्ये लिहिलेल्या एका नाटकात माणसाची कामे करणाऱ्या कृत्रिम जिवांसाठी तो प्रथम वापरला गेला, आणि तो सुचवला होता त्यांच्या भावाने, चित्रकार योसेफ यांनी. चेक भाषेत 'रोबोता' म्हणजे वेठ. जत्रेच्या रात्री देवळासमोर मराठी नाटके बघत वाढलेल्या मला या विषयाचे नाव नाटकातून आले आहे याचे फार अप्रूप वाटले. आणि वेठ हा अर्थ कळल्यावर वाटले की कोणते काम कोणाकडून करवून घ्यायचे, हा प्रश्न या शब्दाच्या जन्मापासून त्याला चिकटलेला आहे.

१९६१ साली, म्हणजे गोवा मुक्त झाला त्याच वर्षी, अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्सच्या एका कारखान्यात 'युनिमेट' नावाचा यांत्रिक हात कामाला लागला. जॉर्ज डेव्होल यांनी १९५४ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता आणि जोसेफ एंगेलबर्गर यांनी त्याचा उद्योग उभा केला. साच्यातून निघालेले धातूचे तापलेले भाग उचलून बाजूला ठेवणे हे त्याचे काम. माणसाचे हात भाजणारे काम यंत्राकडे गेले, हे चांगलेच झाले. मला मात्र त्याच्या मर्यादेने विचारात पाडले. आपले सांधे कुठवर वळले आहेत हे युनिमेटला कळत असे, आणि म्हणूनच तो आमच्या जटायूच्या पुष्कळ पुढे होता. पण समोर खरोखर वस्तू आहे की नाही, हे त्याला कळत नसे. वस्तू नसती तरी त्याने रिकामी मूठ मिटून तोच प्रवास केला असता.

अभ्यासाचा पहिला मोठा भाग भूमितीचा होता, आणि तो मला अतिशय आवडला. सहा सांध्यांच्या हाताचे टोक अवकाशात नेमके कुठे आहे, हे प्रत्येक सांध्याच्या कोनावरून काढायचे असते. डेनाविट आणि हार्टेनबर्ग या दोघांनी १९५५ मध्ये त्यासाठी जी पद्धत मांडली, ती आजही जगभर शिकवली जाते: प्रत्येक सांध्यासाठी फक्त चार आकडे, दोन लांब्या आणि दोन कोन, मग एकेका सांध्याचे मॅट्रिक्स, म्हणजे ओळी-रकान्यांत मांडलेले आकडे, आणि त्यांचा ओळीने गुणाकार. उलटा प्रश्न मात्र जास्त कठीण. टोक कुठे हवे आहे ते माहीत आहे, तर सांधे किती वळवायचे? टेबलावरचा चहाचा पेला धरून ठेवा आणि पेला जराही न हलवता कोपर वर-खाली करून पाहा, म्हणजे अडचण ध्यानात येईल. आपल्या हाताला खांद्यापासून मनगटापर्यंत सात स्वतंत्र हालचाली आहेत, म्हणून त्याच पेल्यापर्यंत तो अगणित प्रकारे पोचतो. सहा सांध्यांच्या यांत्रिक हाताला सर्वसाधारणपणे जास्तीत जास्त सोळा उत्तरे असू शकतात, आणि त्यांतले कोणते निवडायचे हे आपणच ठरवायचे असते. एकाच प्रश्नाची सोळा बरोबर उत्तरे, ही गोष्ट तोवरच्या माझ्या सगळ्या परीक्षांत कधी घडली नव्हती.

प्रयोगशाळेत आमच्या तुकडीसाठी शिकण्याचा एक हात होता. आधीच्या अनेक तुकड्यांनी तो वापरलेला, उघडलेला आणि परत जोडलेला होता, त्यामुळे त्याच्या प्रत्येक सांध्यात थोडा प्ले होता. दात्यांमधली ती मोकळीक अर्ध्या अंशाची असली तरी अर्ध्या मीटर लांबीच्या हाताच्या टोकाशी चार मिलिमीटरहून अधिक फरक पडतो, आणि कागदावर अचूक आलेले गणित प्रत्यक्षात बोल्टच्या शेजारी जाऊन पडते. आम्ही पाळ्या लावून काम करत असू. स्वतःची पाळी अर्ध्या तासाची असे आणि दुसऱ्यांच्या पाळ्या बघण्यात अख्खी दुपार जाई. मला त्या बघण्याचे मोल फार वाटते. एखाद्या गटाचा हात थरथरू लागला की का थरथरतो याची चर्चा खोलीभर होई. विद्युत शाखेचा मुलगा वायरीतल्या गोंधळाकडे बोट दाखवी, संगणकाची मुलगी म्हणे की आज्ञा उशिरा पोचत आहेत, आम्ही यांत्रिकीवाले सांध्याचा स्क्रू घट्ट करून पाहत असू, आणि बहुधा तिघांचेही थोडेथोडे खरे निघे. हा विषय कोणत्याही एका शाखेचा नाही, हे अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतून मला कधीच समजले नसते.

आता माझ्या हातून झालेल्या चुकीविषयी. त्या हाताच्या मोटरींच्या मागे एन्कोडर होते. एन्कोडर म्हणजे मोटरीबरोबर फिरणारी बारीक फटींची चकती आणि त्या फटी मोजणारा प्रकाशाचा डोळा. चकतीला ५०० फटी असतील आणि दोन डोळ्यांनी प्रत्येक फटीच्या चार खुणा मोजल्या, तर मोटरीच्या एका फेऱ्यात २,००० ठोके होतात. पुढे पन्नासास एक असा गिअर असेल तर सांध्याच्या पूर्ण फेऱ्याला १,००,००० ठोके, म्हणजे एका अंशाला सुमारे २७८. इतकी बारीक मोजणी असूनही या प्रकारच्या एन्कोडरला एक गोष्ट येत नाही: वीज गेली की तो सगळे विसरतो. परत वीज आली की आपण जिथे आहोत तेच शून्य, असे समजून तो मोजू लागतो. म्हणून वीज आल्यावर आधी प्रत्येक सांधा हळूहळू मागे नेऊन टोकाच्या लहानशा स्विचला टेकवायचा आणि तिथून मोजणी नव्याने सुरू करायची असते. या कृतीला 'होमिंग' म्हणतात. यंत्राने आधी आपल्या घरी जाऊन यायचे.

जूनचे दिवस होते. माझी पाळी चालू असताना वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली. हात टेबलावर खाली वाकलेला होता. पाळीचा वेळ संपत आला होता, होमिंगला चार-पाच मिनिटे लागली असती, म्हणून ती पायरी गाळून मी थेट पुढची आज्ञा दिली. हाताच्या समजुतीप्रमाणे तो उंचावर होता आणि त्याला थोडेसेच खाली यायचे होते. तो खाली आला, टेबलाला टेकला, आणि थांबला नाही. मोटरीचा आवाज हळूहळू चढत गेला, जणू तो हात आणखी आणखी जोर लावत होता, आणि आतून करकर असा आवाज येऊन सांधा एकदम सैल पडला. गिअरचे नायलॉनचे सात दाते झडले होते. प्रयोगशाळेतले सहायक आले, त्यांनी आधी वीज बंद केली, मला काहीही न बोलता स्क्रूड्रायव्हर हातात दिला आणि म्हणाले, "उघड. आत काय झाले ते तूच बघ." ते दाते मी ग्रीसमधून वेचून कागदावर मांडले. नवा गिअर यायला वेळ लागला, आणि तोवर सगळ्या वर्गाच्या पाळ्या खोळंबल्या. मला त्या दिवसांत कोणी बोल लावला नाही, पण सकाळी प्रयोगशाळेचे दार उघडताना माझे पाय जड होत.

हात थांबला का नाही आणि त्याचा जोर वाढत का गेला, याचे उत्तर पुढच्या सत्रात नियंत्रणशास्त्राच्या तासाला मिळाले, आणि ते मला फेरीबोटीवर पटले. निकोलस मिनोर्स्की यांनी १९२२ मध्ये जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनुभवी सुकाणूधारी जहाज कसे वळवतात याचे निरीक्षण त्यामागे होते. यंत्रांच्या नियंत्रणात आज सर्वांत जास्त वापरली जाणारी तीन पदांची रीत तिथून स्पष्टपणे मांडली गेली. मांडवीला जोराची ओहोटी असताना दिवाडीहून सुटलेली फेरीबोट पाहा. ती समोरच्या धक्क्याच्या रेषेतून जितकी खाली वाहून जाते, तितके चालवणारा तिचे तोंड प्रवाहाच्या वर वळवतो. चूक मोठी तर दुरुस्ती मोठी, हे पहिले पद. धक्का जवळ येऊ लागला आणि बोट वेगाने रेषेकडे सरकू लागली की पोचण्याआधीच तो सुकाणू सैल करतो, नाहीतर बोट पलीकडे जाईल; चूक किती वेगाने बदलते आहे हे बघणारे हे दुसरे पद. आणि पाण्याची ओढ सतत एकाच दिशेने असते, म्हणून एवढे करूनही बोट थोडी खालीच राहते. ही उरलेली चूक क्षणाक्षणाला साठवत जाऊन तिच्या प्रमाणात तोंड कायमचे थोडे वर ठेवायचे, हे तिसरे पद. यांत्रिक हाताच्या बाबतीत ओहोटीची जागा गुरुत्वाकर्षण घेते. हाताचे वजन त्याला सतत खाली ओढते, आणि तिसरे पद नसेल तर तो नेमलेल्या जागेच्या किंचित खाली लोंबकळत राहतो.

माझ्या हातून मोडलेल्या सांध्यात याच तिसऱ्या पदाने काम केले होते. हाताला वाटत होते की अजून खाली जायचे आहे, टेबल त्याला जाऊ देत नव्हते, आणि न भरून निघणारी चूक साठत साठत मोटरीला अधिकाधिक जोर लावायला सांगत होती. गणित शेवटपर्यंत बरोबर होते. चुकीचा होता तो आरंभ, कारण आपण कुठे आहोत याची त्याची समजूत खोटी होती आणि ती खरी करून देण्याचे काम मी गाळले होते. त्यानंतर मी सगळ्या प्रकल्पांत साठवणुकीला मर्यादा घातली, मोटरीतला प्रवाह ठरावीक पातळीवर गेला की वीज तोडण्याची सोय केली, आणि होमिंग झाल्याशिवाय एकही आज्ञा स्वीकारली जाणार नाही अशी अट प्रोग्रामच्या पहिल्याच ओळीत लिहिली. परीक्षेत या कशालाही गुण नव्हते.

गोव्यातल्या शाळांतून आता मुलांना कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची सरकारी योजना आहे, आणि आमच्या गावातली मुले सुट्टीच्या दिवशी मला त्याविषयी विचारायला येतात. त्यांच्या हातात संच आलेले पाहून मला मनापासून आनंद होतो. मी त्यांना एवढेच सांगते की संचातली मोटर चालली की थांबू नका; तिच्यासमोर हात धरा, ती उचलून दुसरीकडे ठेवा, मधेच बॅटरी काढून परत घाला, आणि मग तिला काय काय कळत नाही याची यादी करा. ती यादी मोठी निघते. मुले ती वहीच्या मागच्या पानावर लिहून आणून दाखवतात.

पदवीनंतरच्या पहिल्या शिगम्याला मी परत शेडमध्ये गेले. मंडळाने पुन्हा जटायू घेतला होता. काकांनी भंगारातून आणलेली मोटर बॅटरीला जोडून पाहिली आणि सवयीने पक्कड माझ्या हातात दिली. मी कापण्याआधी मोटरीचे झाकण उघडले. आत तपकिरी ग्रीसमध्ये वर्म गिअरचे पांढरे चाक, चाकाच्या पाठीवर तांब्याची गोल चकती, चकतीला एका जागी खाच, आणि तिच्यावर टेकलेल्या पितळी पट्ट्यांची टोके. मी बराच वेळ ते चाक बोटाने फिरवत राहिले. गाडीत वायपर बंद केला तरी तो काचेच्या मधोमध थांबत नाही, खाली जाऊनच थांबतो, हे आपण रोज पाहतो. बटण बंद झाल्यावरही या चकतीतून वीज मिळत राहते, आणि खाच पट्टीखाली आली की ती तुटते. शिवाय त्याच क्षणी मोटरीची दोन टोके आपसांत जोडली जाऊन तिला ब्रेक लागतो. आपले घर कुठे आहे, हे त्या मोटरीला कारखान्यातून निघतानाच ठाऊक होते. ते तिला कळवणाऱ्या वायरी आम्ही दर वर्षी कापत आलो होतो.

काकांना मी कागदावर आकृती काढून दाखवली. त्यांनी ती दोनदा नीट पाहिली आणि चालू आणि बंद अशा दोन्ही बाजूंना जोडणी करणारे दुतर्फी बटण आणायला स्वतःच डिचोलीला गेले. संध्याकाळी आम्ही सळी ओढणारी लोखंडी पट्टी मोटरीच्या दांड्यावर अशा कोनात घट्ट केली की मोटर घरी थांबेल तेव्हा पंख पूर्ण खाली असतील. मग काकांनी बटण चालू केले. पंख वर निघाला. तो अर्ध्यावर असताना त्यांनी बटण बंद केले. पंख तसाच वर गेला, वळला, खाली आला आणि टक् असा आवाज होऊन थांबला. काकांनी पुन्हा चालू केले, पुन्हा वेगळ्याच जागी बंद केले. पंख पुन्हा खाली येऊन थांबला. असे त्यांनी किती वेळा केले ते मी मोजले नाही; शेडच्या दारात मुले जमली, चुलतभाऊ रावणाच्या रथातून बाहेर येऊन उभा राहिला.

थोड्या वेळाने काका माळ्यावर चढले आणि पत्र्याची जुनी पेटी खाली घेऊन आले. आत चार मोटरी होत्या. प्रत्येकीच्या पोटातून तीन वायरींची बोटभर टोके बाहेर आलेली होती, आणि त्यांच्यावर मी आठवीत असताना गुंडाळलेली काळी पट्टी अजून घट्ट होती. "एवढ्या पुरतील?" काकांनी विचारले. पुरतील, मी म्हटले, आणि सोल्डरिंग आयर्न तापायला लावून पहिल्या वायरीची पट्टी सोडवायला घेतली.